हिमश्लेष्मकवके

पर्वतीय प्रदेशांत वसंत ऋतूत वितळणाऱ्या हिमाच्या कडेला बीजुककोश धारण करणाऱ्या श्लेष्मकवकांचा एक परिस्थितिवैज्ञानिक गट. नावात ‘कवक’ असले, तरी आधुनिक वर्गीकरणात हे जीव कवकांत न मोडता अमीबांच्या जवळचे मानले जातात. लॅम्प्रोडर्मा, डायडर्मा, फायसॅरम इ. वंशांतील अनेक जाती या गटात येतात. त्यांपैकी पुष्कळ जातींचे वर्णन शार्ल मेलां (१८६८–१९४१) यांनी स्वित्झर्लंडमधील जुरा पर्वतात केलेल्या अभ्यासातून प्रथम झाले.

या जीवांना कडाक्याची थंडी मानवते, असा समज होणे साहजिक आहे; प्रत्यक्षात त्यांना हवे असते ते हिमाचे पांघरूण. जाड हिमथर उष्णतारोधक असल्याने वरची हवा कितीही गार झाली, तरी खालची जमीन ०° से.च्या आसपास व ओलसर राहते. तेथे त्यांच्या अमीबासदृश कोशिका सूक्ष्मजंतू खाऊन वाढतात व पुढे त्यांपासून बहुप्रकली जीवद्रव्यपिंड बनतो. याकरिता हिमाच्छादन साधारणतः सलग ३ महिने तरी टिकावे लागते. हिम पडण्यापूर्वीच उघडी जमीन गोठली, तर बऱ्याच कोशिका मरतात. म्हणूनच एका वर्षी विपुल पीक देणारा उतार दुसऱ्या वर्षी जवळजवळ रिकामा आढळतो.

हिम ओसरू लागताच जीवद्रव्यपिंड वाळलेल्या गवतावर व काटक्यांवर चढतो आणि तेथे गडद बीजुकांनी भरलेले, जेमतेम १–३ मिमी. उंचीचे कोश तयार होतात. लॅम्प्रोडर्माच्या कोशांचे आवरण धातूप्रमाणे निळे-जांभळे चमकते. पावसाने हे कोश लवकर विस्कटत असल्यामुळे संग्राहकाला मागे सरणाऱ्या हिमाच्या पाठोपाठ उतार चढत जावे लागते.