संगणकाच्या वीजपुरवठा संचाची दुरुस्ती व विद्युत सुरक्षा

संगणकातील वीजपुरवठा संच (प्रचलित नाव : एसएमपीएस) २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा एकदिश विजेत रूपांतर करतो. बाहेर पडणारा दाब अल्प असला, तरी पेटीतील प्राथमिक भाग प्राणघातक ठरू शकतो.

धोक्याचे स्वरूप

आत येणारी वीज प्रथम एकदिश केली जाते व मुख्य धारित्रांवर (कपॅसिटर) एकूण सुमारे ३२५ व्होल्ट दाब निर्माण होतो. प्लग काढल्यावर हा भार समांतर जोडलेल्या रोधकांतून ओसरतो. रोधक तुटलेला असल्यास तो दीर्घकाळ टिकून राहतो. बंद पडलेल्या संचात भार वापरणारे मंडलही चालत नाही. त्यामुळे नादुरुस्त संच अधिक धोकादायक असतो. काही संचांत प्राथमिक बाजूचे हीटसिंकही विद्युतभारित असतात. जुन्या एटी प्रकारात २३० व्होल्टची वायर थेट संगणकाच्या दर्शनी बटणापर्यंत येते.

दक्षता

* केवळ बटण बंद न करता प्लग काढावा, काही मिनिटे थांबावे व प्रत्येक मुख्य धारित्रावरील दाब मल्टिमीटरने मोजावा.
* भार शिल्लक असल्यास विद्युतरोधी आवरणाच्या वायरींनी जोडलेल्या १० किलोओहम, १० वॅट रोधकातून तो काढून पुन्हा मोजावा. पेचकसाने धारित्राची टोके जोडू नयेत. मोठी ठिणगी उडते.
* फ्यूज त्याच क्षमतेचा बसवावा.
* दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी सिरीज बल्ब जोडून घ्यावी.
* वीज चालू असताना भूसंपर्कित मनगटपट्टा घालू नये, तसेच एकट्याने काम करू नये.