मर्यादित जागेतील आमरी व निवडुंग : गृहवनस्पतींच्या संगोपनामागील शास्त्रीय विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयीन समारंभांत पाहुण्यांचे स्वागत पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन करण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. प्रथा स्तुत्य आहे. परंतु त्या रोपांचे पुढे काय होते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. प्राध्यापक कक्षातील टेबलावर किंवा सदनिकेच्या दिवाणखान्यात ते रोप काही आठवडे टवटवीत दिसते, मग पाने पिवळी पडतात आणि शेवटी रिकामी कुंडी सज्जाच्या कोपऱ्यात जाते. यावर "जागाच नाही, झाडे जगणार कशी?" किंवा "आमच्या हाताला गुण नाही" ही दोन उत्तरे ठरलेली असतात. ही दोन्ही उत्तरे वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत. घरातील वनस्पती बहुधा जागेअभावी मरत नाही. तिला अपुरा प्रकाश, मुळांभोवती साचलेले पाणी आणि ऋतुचक्राचे अज्ञान मारते. आमरी (ऑर्किड) आणि निवडुंग (कॅक्टस) या दोन वनस्पतिकुलांच्या आधारे हा मुद्दा प्रस्तुत लेखात विशद केला आहे.

आमरी व निवडुंग : वरवरचा विरोध

आमरी म्हटले की दमट अरण्य आणि निवडुंग म्हटले की रखरखीत वाळवंट, असे चित्र आपल्या मनात असते. त्यामुळे एकीला भरपूर पाणी व दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, असा सरळ हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात या दोन कुलांची जीवनपद्धती आपण समजतो त्याहून बरीच जवळची आहे.

बागेत लोकप्रिय असलेल्या बहुतेक आमरी अपिवनस्पती आहेत. त्या झाडाच्या फांदीवर वाढतात. परंतु बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषीत नाहीत. फांदीवर माती नसते. पावसाचे पाणी सालीवरून ओघळून काही मिनिटांत निघून जाते आणि पुढच्या सरीपर्यंत मुळे वाऱ्यावर सुकत राहतात. अरण्यात राहूनही आमरीला दररोज लहानसा दुष्काळ सोसावा लागतो. म्हणूनच तिच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण (वेलामेन) असते, ते क्षणात पाणी टिपते व सावकाश आत सोडते. कोरडे मूळ रुपेरी पांढरे दिसते, भिजलेले हिरवट. आमरीला पाणी केव्हा द्यावे याचे याहून विश्वासार्ह मोजमाप दुसरे नाही. आठवड्याचे वेळापत्रक ठरवण्यापेक्षा मुळाचा रंग पाहावा.

निवडुंगाच्या बाबतीत उलट दिशेचे उदाहरण महाराष्ट्रातील असंख्य सज्जांत आहे. पावसाळ्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास उमलणारे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखविले जाणारे आणि पहाटेपर्यंत मलूल होणारे आपले 'ब्रह्मकमळ' हे खरे ब्रह्मकमळ नाही. खरे ब्रह्मकमळ, म्हणजे सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा, हिमालयात ३००० मीटरहून अधिक उंचीवर वाढणारी सूर्यफुलाच्या कुलातील वनस्पती होय. उत्तराखंडचे ते राज्यपुष्प आहे. आपल्या कुंडीतील वनस्पतीचे नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम असून ती मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अरण्यांत वृक्षांवर वाढणारा निवडुंग आहे. ज्याला आपण पान म्हणतो आणि ज्याच्या कडेतून कळी फुटते, ते वस्तुतः सपाट झालेले खोड आहे. पानातून फूल उगवते हे आश्चर्य त्यामुळे ओसरते. फुलाची पूजा करणाऱ्यांच्या आनंदात मात्र त्याने काही उणे येऊ नये. या निवडुंगाला वाळू आणि रणरणते ऊन देणारे निराश होतात, तर गाळलेले ऊन व भुसभुशीत माध्यम देणाऱ्यांकडे तो एका हंगामात अनेकदा फुलतो. त्याची निगा निवडुंगापेक्षा आमरीसारखी ठेवावी.

येथे शब्दाचा एक गोंधळही नोंदविला पाहिजे. मराठीत 'निवडुंग' हा शब्द कुंपणाच्या काटेरी, चीक असलेल्या झाडांनाही वापरला जातो. ती झाडे युफोर्बिया प्रजातीची, म्हणजे एरंडाच्या कुलातील आहेत. खऱ्या निवडुंगाचे काटे लवदार, उशीसारख्या लहान बैठकीतून पुंजक्याने निघतात व त्याला पांढरा चीक नसतो. निवडुंग कुल मूळचे अमेरिका खंडांतील. ऱ्हिप्सॅलिस बॅसिफेरा ही एकच जाती आफ्रिका व श्रीलंकेतही निसर्गतः आढळते, आणि तीही वृक्षावर वाढणारीच. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून लहान मुले असलेल्या घराच्या सज्जात कोणता 'निवडुंग' आहे हे माहीत असणे आवश्यक ठरते.

रात्रीच्या प्राणवायूची कथा

दोन्ही कुलांना जोडणारा खरा दुवा शरीरक्रियेत आहे. सामान्य वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणी गमावतात. निवडुंग, तसेच फॅलेनॉप्सिससह अनेक अपिवनस्पती आमरी, पर्णरंध्रे रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड त्या मॅलिक आम्लाच्या रूपात साठवितात आणि दिवसा, पर्णरंध्रे मिटलेली असताना, प्रकाशाच्या साहाय्याने वापरतात. क्रॅसुलेसी कुलावरून या क्रियेला क्रॅसुलेसीय आम्ल चयापचय म्हणतात.

रोपवाटिकांत 'रात्रीही प्राणवायू देणारे झाड' म्हणून जे विकले जाते, त्या विधानाचे मूळ येथे आहे. रात्री पर्णरंध्रे उघडतात हे खरे. परंतु प्राणवायू पाण्याच्या विघटनातून निर्माण होतो आणि त्या क्रियेला प्रकाश लागतो. अंधारात ही झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात, प्राणवायूची निर्मिती करीत नाहीत. घरातील हवा शुद्ध करण्याच्या दाव्याचीही हीच गत आहे. १९८९ साली नासाने प्रसिद्ध केलेले प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांत केलेले होते. कमिंग्ज व वॉरिंग यांनी २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. इमारतीत सहज होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करण्यासाठी दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे ५० चौरस मीटरच्या सदनिकेत किमान ५०० कुंड्या! त्यापेक्षा खिडकी उघडणे सोपे. विज्ञान शिकविणाऱ्या संस्थांच्या भेटरोपांवरही हे दावे छापलेले आढळतात, ही गोष्ट खेदजनक आहे.

प्रकाश आणि दिशा

मानवी डोळा अंधुक प्रकाशाशी इतक्या सहजतेने जुळवून घेतो की दिवाणखाना आपल्याला 'उजेडाचा' वाटतो. उघड्यावरील भर दुपारी सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून तीन-चार मीटर आत तो बहुधा काही शे लक्सपर्यंत उतरतो. फॅलेनॉप्सिसला साधारण १०,००० ते १५,००० लक्स हवा, संकरित डेंड्रोबियमला त्याच्या दुपटीहून अधिक, निवडुंगाला त्याहूनही जास्त. टेबलावरचा निवडुंग उपाशी असतो आणि उपासमारीत बारीक, फिकट, लांबुडका होतो. त्याची 'वाढ झाली' म्हणून आपण समाधान मानतो. कोणतेही उपकरण नसल्यास कुंडीच्या जागी दुपारी हात धरून पाहावा. सावली कडेसह स्पष्ट पडली तर तेथे निवडुंग ठेवावा, पुसट पडली तर आमरी. मुळीच न पडल्यास मनी प्लांट किंवा सॅन्सेव्हिएरिया तग धरतील इतकेच.

दिशेविषयी परदेशी पुस्तकांचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. युरोपात दक्षिणेची खिडकी वर्षभर सर्वोत्तम. पुणे मात्र सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत येथे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. या काळात दक्षिणेच्या सज्जाला दुपारचे थेट ऊन मिळत नाही व उत्तरेच्या सज्जाला सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मिळते. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर दक्षिणेला असतो आणि दोन मीटर उंच दारातून ऊन सुमारे १.८ मीटर आत येते. एकाच कुंडीची जागा वर्षातून दोनदा बदलणे हे येथे निगेचेच अंग मानले पाहिजे. पूर्वेचा सज्जा आमरीसाठी सर्वांत सोयीचा. पश्चिमेच्या सज्जात एप्रिल-मे महिन्यांत हिरवी जाळी बांधल्याशिवाय इलाज नाही.

वजन, माध्यम आणि पाणी

लहान जागेसाठी ही कुले योग्य ठरण्याचे एक कारण फारसे चर्चिले जात नाही, ते म्हणजे वजन. तीस सेंटिमीटर व्यासाची, ओल्या मातीने भरलेली कुंडी पंचवीस किलोच्या घरात जाते. अशा दहा-बारा कुंड्या सज्जाच्या बाहेरच्या कडेला मांडणे जुन्या इमारतीत धोक्याचे आहे. उलट आमरीला माती लागत नाही. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेली टांगती जाळीदार टोपली एक-दोन किलोपेक्षा जड होत नाही आणि भिंतीची उभी जागा वापरते. किनारपट्टीच्या दमट हवेत सोडणाचे प्रमाण कमी व कोळशाचे जास्त ठेवावे, कारण सोडण कुजते. देशावरील कोरड्या हवेत याउलट करावे.

निवडुंगासाठी जाड वाळू, बारीक खडी व थोडे कुजलेले शेणखत पुरते. त्याला उन्हाळ्यापेक्षा आपला पावसाळा अधिक घातक ठरतो. जून ते सप्टेंबर कुंड्या पागोळीच्या आत घ्याव्यात. माती पूर्ण सुकल्यानंतरच पाणी द्यावे. कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार आमरीच्या मुळांवर साचतात, म्हणून पावसाचे पाणी साठविता आल्यास उत्तम. कुंडीखालच्या बशीत पाणी राहू देऊ नये. त्याने मुळे कुजतातच, शिवाय डेंग्यू पसरविणारा एडिस डास तेथे अंडी घालतो; ती अंडी कोरड्या बशीतही अनेक महिने तग धरत असल्याने बशी आठवड्याला घासणे आवश्यक आहे. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी संबंध सलोख्याचे राहण्यासही याचा उपयोग होतो.

फूल येण्याचा प्रश्न पाण्यापेक्षा तापमानाशी निगडित आहे. फॅलेनॉप्सिसला पुष्पदांडा येण्यासाठी काही आठवडे साधारण २५ अंश सेल्सिअसखालील तापमान लागते. पुण्या-नाशिकचा हिवाळा ते पुरवितो, मुंबई व गोव्याचा क्वचितच. किनारपट्टीवर संकरित डेंड्रोबियम किंवा व्हँडा निवडणे शहाणपणाचे.

रानातील आमरी

मे-जूनमध्ये सह्याद्रीत आणि कोकणात सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा, फुलते. ती आसामचेही राज्यपुष्प आहे. सहलीहून परतताना फांदीसकट तिचा झुबका घरी आणणारे पुष्कळ भेटतात; त्यांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही असतात. सालीला चिकटलेली मुळे ओढताना तुटतात आणि तुटलेले मूळ नव्या आधाराला चिकटत नाही. डेंड्रोबियम बार्बॅट्युलमसारखी पश्चिम घाटातील आमरी हिवाळ्यात पाने गाळते व निष्पर्ण खोडांवरच फुलते. घरी आणलेले असे रोप जानेवारीत मेलेले समजून टाकले जाते, किंवा जगविण्यासाठी पाणी ओतून कुजविले जाते. राखीव वनातून वनस्पती काढून नेणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार अपराध आहे, आणि संपूर्ण आमरी कुल धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट आहे.

आमरीचे बी धुळीसारखे, भ्रूणपोषाविना असते. निसर्गात योग्य कवकाची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. त्यामुळे फांदीवरून गेलेल्या एका रोपाची जागा भरून यायला अनेक वर्षे लागतात. १९२२ साली लुईस नुडसन यांनी शर्करायुक्त अगारवर हे बी कवकाविना रुजवून दाखविले आणि १९६० साली जॉर्ज मोरेल यांनी ऊतिसंवर्धनाने सिंबिडियमची रोपे वाढविली. आज रोपवाटिकेत परवडणाऱ्या किमतीत मिळणारी आमरी या दोन संशोधनांचे फळ आहे. खरेदी करताना फुलांऐवजी मुळे पाहावीत : टणक, रुपेरी, हिरव्या टोकांची मुळे असलेले बिनफुलांचे रोप हे मऊ, तपकिरी मुळांच्या बहरलेल्या रोपापेक्षा केव्हाही अधिक मोलाचे. निवडुंगावर चिकटविलेली वाळकी फुले आणि हिरव्या खुंटावर कलम केलेले लाल गोळे यांपासूनही सावध राहावे. त्या लाल भागात हरितद्रव्य नसते. खालचा खुंट जगेल तोवरच, म्हणजे बहुधा काही वर्षेच, तो टिकतो.