‘इस्तावा’ शब्दाचा अर्थ व उपयोग

मराठेशाहीच्या वसुली कागदांत ‘कौल’, ‘तनखा’, ‘कमाल’ या शब्दांच्या सोबतीस ‘इस्तावा’ हा शब्द येतो. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळावर पहिल्या सालीं अल्प सारा बसवून पुढें सालोसाल तो ठरावानें चढवीत पूर्ण दरास नेणें, या पद्धतीस इस्तावा म्हणत. ओसाड गांव वसवितांनाही असाच कौल देत.

शब्द अरबी ‘इस्तिवा’पासून आलेला दिसतो. त्याचा अर्थ समान होणें, सपाटीस येणें. फार्सींत विषुववृत्तास ‘खत्त-ए-इस्तिवा’ म्हणतात, त्यांतील शब्द हाच. म्हणजे वाढ हा मूळ अर्थ नव्हे. लागत्या जमिनीच्या बरोबरीस येणें हा मूळ अर्थ, व सालोसालचा चढ ही तेथवर पोंचण्याची रीत. हा भेद कागद वाचणारानें ध्यानांत ठेविला पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊं. बिघ्यास पूर्ण दर ५ रुपये व कौल ५ सालांचा. पहिल्या सालीं १ रुपया, दुसऱ्या सालीं २, याप्रमाणें पांचव्या सालीं ५. या कौलाचा शेवटचा बंद गहाळ झाला, तर वाचणारा १ रुपया हाच दर समजून जमीन निकस ठरवील. अथवा वाढता आकार पाहून जुलूम झाला असें लिहील. वस्तुतः पूर्ण दरांतून दिलेल्या सुटीचा तो हिशेब असतो. शिवछत्रपतींनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस पाठविलेल्या पत्रांत, बैलांसाठीं दिलेला पैका व पोटास दिलेला दाणा यांचें मुद्दलच तेवढें रयतेच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू उगवावें, अशी आज्ञा आहे. तें प्रकरण इस्ताव्याचें नव्हे. परंतु धोरण त्याच जातीचें आहे.

आरंभीं कौलाचा मजकूर, आणि खालीं सन सलास, सन आर्बा, सन खमस अशा लागोपाठच्या सालांपुढें चढते आंकडे असल्यास तेथें इस्तावा आहे काय, हें आधीं पाहावें. नवी पट्टी बसली असल्यास ती बहुधा आपल्या निराळ्या नांवानें लिहिलेली असते.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, अशा कागदाचे बंद वेगळे होऊं देऊं नयेत, नकलेंत सर्व सालें उतरावीं, व शेवटचा बंद नसल्यास तसें स्पष्ट नमूद करावें.