डब्याच्या दुधाची जाहिरात का बंद आहे?

‘डब्याच्या दुधावर सरकारने बंदी घातली आहे,’ असं कित्येक घरांत समजतात. तसं नाही. डबा दुकानात मिळतो, खरी गरज असलेल्या बाळाला डॉक्टर तो लिहूनही देतात, आणि तो आणणारी आई कोणताही गुन्हा करत नाही. १९९२ चा कायदा हात बांधतो ते विकणाऱ्याचे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं डब्याचं दूध, तयार बाळआहार आणि दूधबाटली यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचं चित्र छापायचं नाही.

‘बाळंतिणीला एक डबा फुकट मिळाला, तर बिघडलं कुठे?’ खरं दुखणं इथेच आहे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, आणि बाळाच्या इवल्या पोटाला तेवढा पुरतो. पण बाळ रडलं की कुणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच नाही.’ वरचं दूध सुरू होतं. पोट भरलेलं बाळ अंगावर कमी पितं, पान्हा आटत जातो आणि नसलेली अडचण खरोखरच उभी राहते. तोवर फुकटचा डबा संपलेला असतो. पुढचा विकतच आणावा लागतो. ज्या घरात तो परवडत नाही, तिथे पावडर पातळ कालवली जाते आणि बाळ उपाशी राहतं.

पावडर निर्जंतुक असते, हाही गैरसमजच. म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवून मग निववावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आईचं दूध खरंच मिळू शकत नसेल, तर डबा हा एकमेव पर्याय नसतो. आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच इतर आयांनी दान केलेलं दूध देणारी मातृदुग्धपेढी सुरू केली.

‘कायदा जुना, मोबाइलवरच्या जाहिरातींना तो कसा लागू होणार?’ होतो. २००३ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक माध्यमंही त्यात आणली, आणि डॉक्टरांच्या परिषदांना या कंपन्यांनी पैसा पुरवण्यावरही बंदी घातली. तुमच्या फोनवर अशी जाहिरात आली, तर तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ला पाठवा. १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या या संस्थेला कायद्याखाली न्यायालयात तक्रार दाखल करण्याचा अधिकार सरकारनेच दिला आहे.