अंतर राखणारी मोटार

ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता मीरा-भाईंदरच्या हद्दीत, वसई खाडीच्या अलीकडे, मुंबई-अहमदाबाद महामार्गास मिळतो. मालमोटारी, रिक्षा, दुचाकी आणि मोटारी यांची अखंड वर्दळ असलेल्या अशा ठिकाणी पुढील वाहनापासून योग्य अंतर राखणे, हीच सुरक्षिततेची पहिली अट होय.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाला साधारणतः एक ते दीड सेकंद लागतो. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते. हा हरवणारा सेकंद वाचवणे, हे स्वयंचलित ब्रेकचे प्रयोजन आहे.

मोटारीचा वेग स्थिर राखणाऱ्या ‘क्रूझ कंट्रोल’ची कल्पना बालपणीच दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंता राल्फ टीटर यांची. १९५८ मध्ये ते क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत आले. मात्र पुढे वाहन आहे की नाही, हे त्या यंत्रणेस कळत नसे. ती उणीव रडारने भरून काढली. पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेल्या व २०२१ मध्ये बाजारात आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या मोटारीच्या काही प्रकारांत अशी यंत्रणा देण्यात आली.

मोटारीच्या अग्रभागी बसवलेले रडार रेडिओलहरी सोडते. पुढील वाहनावर आदळून त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर समजते, तर लहरींच्या कंप्रतेतील बदलावरून दोन्ही वाहनांच्या वेगांतील फरक कळतो. काचेमागील कॅमेरा समोरची वस्तू ओळखण्यास साहाय्य करतो. अंतर घटू लागताच संगणक प्रथम इंजिनाचा जोर कमी करतो आणि तेवढ्याने न भागल्यास हलका ब्रेक लावतो. टक्कर संभवत असल्यास इशारा देऊन, चालकाची वाट न पाहता, जोराचा ब्रेक लावला जातो.

तथापि, या यंत्रणेस मर्यादा आहेत. मुसळधार पावसात कॅमेऱ्याची दृष्टी मंदावते. चिखलाने रडार झाकले जाते. बाजूने अकस्मात घुसणारी दुचाकी किंवा रस्त्यात उभी असलेली मालमोटार तिला उशिरा उमगू शकते. गुळगुळीत झालेल्या टायरांना ओल्या रस्त्यावर कोणताही संगणक पकड देऊ शकत नाही.

म्हणून गजबजलेल्या नाक्यावर क्रूझ कंट्रोल बंद ठेवणे आणि नजर सदैव रस्त्यावर ठेवणे इष्ट. यंत्र सेकंद वाचवील. सावधपण मात्र चालकानेच राखावयाचे आहे.