जैसलमेरला जाताय? ‘वाळूशिवाय आहे काय तिथे’ हे आधी विसरा

दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की पनवेलमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘जैसलमेरला वाळूशिवाय आहे काय? समला एक संध्याकाळ काढली की वाळवंट झालं.’ बेतही ठरलेला असतो. किल्ला, हवेल्या, दुपारी सम गाव, जीपमधून टेकड्यांवर उड्या, उंटावर फोटो, रात्री तंबूत नाच-गाणं आणि जेवण. घरी आल्यावर सांगायचं, ‘डेझर्ट नॅशनल पार्कही पाहिलं.’ ते पाहिलेलं नसतं. ते होतं त्याच्या कडेला बसून जेवण झालेलं असतं. ‘वाळूशिवाय आहे काय’ या वाक्याचा मला राग येतो, कारण ते केवळ सहल वाया घालवत नाही. ज्या जमिनीबद्दल ते बोललं जातं तिच्या मुळावरही येतं.

आधी डेझर्ट नॅशनल पार्कचा आकार पाहू. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं हे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे. आपलं कर्नाळा अभयारण्य सुमारे १२ चौरस किलोमीटरचं. म्हणजे अडीचशेहून अधिक कर्नाळा त्यात मावतील. एका संध्याकाळी, एका टेकडीवरून, हे ‘झालं’ असं म्हणता येणार नाही. शिवाय वाळूच्या उघड्या टेकड्या हा त्याचा एक भाग. उरलेल्या जमिनीवर खडकाळ पठारं आहेत, कठीण मुरमाड माळ आहेत, खारट सपाट जागा आहेत, आणि गवताने व झुडपांनी धरून ठेवलेल्या, आता न हलणाऱ्या वाळूच्या लांबच लांब उंचवट्यांचे पट्टे आहेत. प्राण्यांची खरी वस्ती या जागांवर आहे. फोटोत येणाऱ्या पिवळ्याधमक टेकडीवर ती सगळ्यांत कमी.

आपली अडचण मी समजू शकते. पनवेलच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जंगल म्हणजे कर्नाळ्याची वाट असते: डोक्यावर झाडी, पायाखाली पाचोळा, ऐकू येणारा आणि न दिसणारा पक्षी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला जेमतेम दोनशे. इथल्या नजरेने तिथे गेलं की झाड दिसत नाही, म्हणून काहीच नाही असं वाटतं. पण तिथलं जंगल गुडघ्याएवढं असतं.

सेवण गवताचा एक ठोंब घ्या. दुरून ते वाळलेलं, निकामी गवत दिसतं. जवळ बसून पाहिलं तर ठोंबाच्या बुडाशी वाऱ्याने आणलेली वाळू साठून छोटा उंचवटा झालेला दिसतो. मुळं खोल जातात आणि वाळूला बांधून ठेवतात. वर्षानुवर्षं दुष्काळ काढून हा ठोंब पहिल्या सरीनंतर पुन्हा हिरवा होतो. त्याच्या बिया मुंग्या आणि पक्षी खातात, पात्यांवर गुरं-मेंढ्या जगतात, आडोशाला उंदीर-घुशींसारखे कुरतडणारे प्राणी बिळं करतात, आणि त्यांच्यामागे वाळवंटी खोकड आणि ससाणे येतात. सकाळी ऊन चढण्याआधी दोन ठोंबांमधली वाळू पाहावी. भुंगेऱ्याच्या पायांनी शिवणयंत्रासारखी घातलेली बारीक टीप, तिला आडवी गेलेली खोकडाच्या पंजांची ओळ, बाजूला चिंकाऱ्याच्या खुरांचे टोकदार ठसे. दहा वाजेपर्यंत वारा हे सगळं पुसून टाकतो. संध्याकाळी पाचला समला पोचणाऱ्याला वाळू कोरी दिसते ती त्यामुळे.

इथले प्राणी पाण्यावाचून कसे जगतात हेही पाहण्यासारखं आहे. चिंकारा बराच काळ पाणी न पिता राहू शकतो. पाल्यातून आणि दवातून मिळणारी ओल त्याला पुरते. पखुर्डी पक्ष्याचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवतो आणि त्या ओल्या पिसांतून कित्येक किलोमीटर दूर असलेल्या पिल्लांसाठी पाणी नेतो. हिवाळ्यात मध्य आशियातून तिलोर पक्षी येतात, डोंगरांकडून मोठी गिधाडं येतात. एकाच सकाळी गिधाडांच्या तीन-चार जाती दिसण्याची शक्यता आता भारतात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. हे त्यांपैकी एक.

आता ‘रिकामी जागा’ या समजुतीचा दुसरा, जास्त गंभीर भाग. जमीन रिकामी आहे असं ठरलं की ती भरायची घाई होते. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने प्रकाशित केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात वाळवंटी वाळू हा एक वर्गच आहे. नोंदीत पडीक, म्हणून मग झाडं लावा, तारा टाका, प्रकल्प उभारा. विलायती बाभूळ थारमध्ये अशीच पसरली. ‘वाळवंट हिरवं करायला हवं’ असं म्हणणाऱ्या चांगल्या मनाच्या माणसांना हे सांगावं लागतं की माळरानावर लावलेलं प्रत्येक झाड ही माळाची सेवा नसते. माळढोकासारखा पक्षी उघड्यावर, जमिनीवर अंडं घालतो आणि चहूकडे लांबवर दिसण्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. झाड उभं राहिलं की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीची फांदी मिळते.

हे आपल्यालाही लागू आहे, कारण माळढोक हा महाराष्ट्राचा पक्षी होता. त्याच्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. २०१२ मध्ये ते कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. दरम्यान माळ नांगरले गेले, उसाखाली गेले, काही ठिकाणी ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडं लावली गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात सोलापूरजवळच्या ज्या नान्नजला या पक्ष्याचा अभ्यास केला, तिथे आज माळढोक दिसणं ही बातमी ठरते. ‘माळावर काय आहे’ असं आपणही तेव्हा म्हणत होतो.

थारमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१७-१८ च्या अंदाजानुसार सुमारे १३० माळढोक उरले होते. जगातले बहुतेक सगळे हेच. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) २०११ पासून या पक्ष्याला नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या वर्गात ठेवलं आहे. मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते, तेही अनेकदा कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जातं. मोठ्या नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं; समोरचं कमी दिसतं, आणि उडताना विजेची तार जवळ आल्यावर एवढं जड शरीर वळवता येत नाही. तारांना धडकून थारमध्ये वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. १३० पैकी १८. म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश झाला, मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञ समिती नेमली गेली. ‘रिकाम्या’ जमिनीवरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात इतकी वर्षं वाद चालत नाही.

तर मग थोडक्या दिवसांत पहिल्यांदा जाणाऱ्याने काय करावं? जोधपूरहून जैसलमेर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर आहे, रेल्वेला किंवा मोटारीला पाच-सहा तास लागतात. त्यामुळे चार दिवसांच्या सहलीत जैसलमेरच्या वाट्याला दोन मुक्काम आणि एक पूर्ण दिवस येतो. तो दिवस सुदासरीला द्या. शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर वन विभागाने कुंपण घालून राखलेला हा गवताळ भाग आहे, आणि अख्ख्या क्षेत्राचं सार तिथे सकाळच्या चार तासांत दिसतं. परवानगी जैसलमेरच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयातून घ्यावी लागते. तंबू आणि गाडी ठरवण्याआधी त्याची चौकशी करा, कारण प्रजननाच्या काळात काही भाग बंद ठेवले जातात. डिसेंबरात तिथे सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा सहाला निघालं तरी वेळेत पोचता येतं. परतताना वाटेत गाडी थांबवायला सांगा. रस्त्याकडेच्या माळावरही चिंकारा आणि गिधाडं दिसतात. चालक स्थानिक आणि पक्षी ओळखणारा असेल तर त्याच्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका, आणि तंबूच्या पॅकेजातले पैसे वाचवून दुर्बीण घ्या.

दुपारी उरलेल्या वेळात आकल. जैसलमेरपासून सतराएक किलोमीटरवर, बाडमेर रस्त्यालगत, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडं उघड्यावर पडलेली आहेत. मुलांना घेऊन जा. आज जिथे सावली शोधावी लागते तिथे एकेकाळी दमट हवेतलं घनदाट जंगल होतं, हे त्या खोडांवरच्या रेषांवर हात ठेवून कळतं. समलाही जा, मी मना करत नाही. सूर्यास्त तिथे सुंदर असतो. पायी किंवा उंटावरून जा. टेकड्यांवर जीप उडवायला मात्र नकार द्या. त्या चाकांखाली नुकतंच धरलेलं गवत आणि बिळं जातात.

‘माळढोक दिसला नाही तर पैसे फुकट’ हा समज ताडोबाच्या वाघावरून आलेला आहे. इथे पाहुण्यासमोर पक्षी आणून उभा करणारं कुणी नाही आणि नसावं. समला २०१९ मध्ये आणि रामदेवऱ्याला २०२२ मध्ये सुरू झालेली माळढोकाची प्रजनन केंद्रं पर्यटकांसाठी नाहीत. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. त्या कामाला शांतता हवी. दिसला तर गाडीतूनच पाहा. खाली उतरू नका, ड्रोन उडवू नका, जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका.

आणखी काही समज, थोडक्यात. ‘नॅशनल पार्क म्हणजे गेट असणार, आत माणूस नसणार’: नाव काहीही असलं तरी १९८० ची अधिसूचना अभयारण्याची आहे, आणि त्याच्या हद्दीत सत्तरहून अधिक गावं आहेत. तिथल्या ओरणींमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारख्या देवाच्या नावाने राखलेल्या जमिनींत, गावकऱ्यांनी गवत आणि पक्षी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत. ‘भारतीय आहोत, सीमेपर्यंत कुठेही जाऊ’: सीमेलगतच्या काही भागांना जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. ‘वाळवंटात कसली थंडी’: जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी सात-आठ अंशांवर उतरतं, उघड्या माळावर पहाटे त्याहून खाली. पनवेलच्या घरातला पातळ स्वेटर पुरणार नाही. ‘मे महिन्यात हॉटेलं स्वस्त असतात’: जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन मे महिन्यात तिथे जाऊ नये. ‘कुलधरा एका रात्रीत शापाने ओस पडलं’: जुन्या नोंदींत जैसलमेरजवळच्या या गावाची वस्ती टप्प्याटप्प्याने घटताना दिसते, १८९० च्या सुमाराला तिथे ३७ माणसं राहत होती. ‘सांड्याचं तेल गुडघ्यांवर चालतं’: त्याचा कुठलाही औषधी गुण सिद्ध झालेला नाही, हा निरुपद्रवी, पाला खाणारा सरडा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि बाजारात ते तेल विकत घेणं म्हणजे त्याच्या शिकारीला पैसे पुरवणं. हिवाळ्यात तो बिळाचं तोंड आतून बुजवून झोपलेला असतो. उकरून दाखवतो असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

शेवटचा समज पीवण्याचा, कारण तंबूत रात्री गोष्टी सुरू झाल्या की तो येतोच. झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास पिणारा साप, अशी थारमधली जुनी समजूत आहे. हा साप म्हणजे मण्यार. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असं नसतं, आणि तिचं विष स्नायू लुळे करून श्वास थांबवतं. म्हणून सकाळी माणूस जखमेविना गुदमरलेला सापडतो. आपल्या कोकणातही जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार चावते. उपाय दोन्हीकडे सारखे: खाटेवर झोपावं, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, शंका आली तर मांत्रिक सोडून थेट रुग्णालय गाठावं. विंचू चावला तरी रुग्णालयच: त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी ठरतं हे आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिलं. हिवाळ्यात साप-विंचू बहुतेक जमिनीखाली असतात. तरी सकाळी सुदासरीला निघताना बूट झटकूनच पायांत घाला.