एका पातेल्यातले जेवण

इचलकरंजीत रात्रीच्या जेवणाची वेळ विचारली तर घरागणिक निराळे उत्तर मिळते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, जहागिरीचे अधिपती नारायणराव घोरपडे यांचे नव्या धंद्यास पाठबळ मिळाले, आणि पुढे गावाचे जेवणखाणही मागाच्या पाळीशी बांधले गेले. कोणाची दिवसपाळी संपते तेव्हा शेजारच्याची रात्रपाळी सुरू व्हावयाची असते. एखादी बाई दिवसभर कांड्या भरून घरी परतते तेव्हा तिची मुले शिकवणीहून आलेली असतात, म्हातारी सासू दिवेलागणीलाच भुकेली असते आणि घरधनी कारखान्याकडे निघण्याच्या घाईत असतो. अशा घरात चूल पेटवावयाची ती कोणासाठी व कितीदा, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठमोठे विषय येतात. आम्ही आज डाळीचे पातेले घेऊन आलो आहो, त्याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी.

आपल्याकडचे पुरते जेवण म्हणजे भाकरी किंवा चपाती, एक भाजी, आमटी आणि भात. चार पदार्थ, चार भांडी आणि तासदीड तासाचे काम. अंगात त्राण नसले की यांतला एकेक पदार्थ गळू लागतो, आणि आमच्या पाहण्यात सर्वांत आधी गळते ती आमटी. डाळ शिजण्यास वेळ लागतो. भाकरीबरोबर चटणी किंवा लोणचे चालून जाते. मुलांना वडापाव आणून दिला की तीही गप्प होतात. पोट भरते, त्यामुळे काही उणे पडले असे कोणास वाटत नाही. उणी पडते ती डाळ. जिथे आमटी होते तिथेही ती पाच पानांत फिरता फिरता पातळ होत जाते आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी आणि तळाशी राहिलेले पिवळे पाणी येते. हे चित्र आम्ही कल्पनेने रंगवीत नाही. प्रत्येकाने आपल्या घरी दोन दिवस पाहावे.

म्हणून ज्या पदार्थात धान्य आणि डाळ एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत, असा पदार्थ अशा घरास अधिक मानवतो. तो शोधण्यास लांब जावयास नको. आपल्या चकोल्या तशाच आहेत. विदर्भात व खानदेशात त्यांनाच वरणफळे म्हणतात, गुजराती मंडळी दाळढोकळी करतात, आणि आपल्या शेजारच्या कानडी मुलखात तांदूळ घालून बिसिबेळे भात होतो. कानडीत ‘बिसि’ म्हणजे गरम आणि ‘बेळे’ म्हणजे डाळ. नावातच पदार्थाचे वर्णन आले. इतक्या प्रांतांतल्या बायकांना हीच युक्ती सुचली, त्याअर्थी अडचणही सर्वत्र सारखीच असली पाहिजे.

आता प्रमाण. दोन मुलांसह पाच माणसांच्या कुटुंबास २०० ग्रॅम तूरडाळ आणि ४०० ग्रॅम कणीक पुरते. म्हणजे वजनाने डाळीच्या दुप्पट कणीक. हे वाटीने मोजावयाचे तर एक मोठी वाटी डाळ आणि त्याच वाटीने, दाबून न भरता, तीन वाट्या कणीक असा हिशेब होतो, कारण पीठ फुगलेले असते आणि डाळ घट्ट बसते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले. वाटी-चमच्यांची नेमकी मापे दिल्यामुळे ते घरोघर पोचले. मापाची सवय चांगली, मात्र वाटी काय मोजते आणि तराजू काय मोजतो यांतला फरक ध्यानात असावा. अंदाजाने करणाऱ्यांच्या हातून पुष्कळदा डाळच कमी पडते.

डाळीसाठी एवढा आग्रह का, ते सांगतो. शरीर ज्या प्रथिनांनी बनते ती अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतली काही आपणांस अन्नातूनच मिळवावी लागतात. गव्हातांदळात त्यांपैकी लायसिन कमी असते. डाळीत ते भरपूर असते. उलट मेथिओनिन डाळीत तोकडे पडते ते धान्यात बरे असते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाचे उणे दुसरे भरून काढते. वर दिलेल्या प्रमाणात डाळीतून सुमारे ४३ आणि कणकेतून सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने मिळतात. पाच जणांत वाटली तर सरासरीने माणशी १७ ग्रॅम होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेले दिवसाचे प्रमाण ६५ किलो वजनाच्या पुरुषास ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीस ४६ ग्रॅम आहे. म्हणजे एका ताटलीत दिवसाचा सुमारे तिसरा हिस्सा आला. आणि तो पहिल्या पानात जेवढा, तेवढाच शेवटच्या पानात, कारण पळी घातली की दोन्ही एकदमच वर येतात.

कृतीकडे वळू. पाच लिटरचा कुकर असला तर दुसरे भांडे चुलीवर चढवावयास नको. (वाफ कोंडून अन्न लवकर शिजविण्याचे पात्र फ्रान्सच्या दनी पापँने १६७९ मध्ये केले. आपल्याकडे बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘इकमिक कुकर’ काढला. त्यात एकावर एक डबे ठेवून कोळशाच्या मंद आचेवर सगळे जेवण एकदम होई. एका भांड्याचा हव्यास आजचा नाही.) डाळ धुऊन अर्धा तास भिजत टाकावी आणि तेवढ्यात कणीक मळावी. कणकेत थोडे मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावी व झाकून ठेवावी. हे काम थोरल्या मुलास किंवा घरधन्यास सांगण्यास हरकत नाही. पुरुषाच्या हाताने कणीक बिघडते असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

कुकरमध्येच तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, कढीलिंब आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी करावी. हळद आणि आपली कांदा-लसूण चटणी आच कमी करून तेलातच घालावी. हळदीचा व मिरचीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. नंतर वरून टाकलेली चटणी म्हणूनच नुसतीच तरंगते. मग डाळ आणि तिच्या तिप्पट पाणी घालून झाकण लावावे. कोंडलेल्या वाफेत पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, त्यामुळे तीन-चार शिट्ट्यांत डाळ मऊ होते.

चिंच किंवा आमसूल या वेळी मुळीच घालू नये. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. आंबटात ते सहजी विरघळत नाही आणि डाळ टणक राहते. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांचाही अनुभव असाच असतो, कारण त्यातले क्षार पेक्टिनला आणखी घट्ट करतात. यावर काही जण सोडा टाकतात. डाळ शिजते खरी, परंतु तिच्यातले ‘ब१’ जीवनसत्त्व नाश पावते. पिण्याचे गोडे पाणी वापरावे किंवा डाळ अधिक वेळ भिजवावी, हे बरे.

डाळ घोटून तिच्यात सुमारे दीड लिटर गरम पाणी, आमसूल, गुळाचा खडा आणि बेताने मीठ घालावे. कणकेत मीठ आहे आणि चटणीतही आहे, हे विसरू नये. तोवर पोळीहून किंचित जाड लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कातावेत. लाटण्यासही सवड नसली तर सुपारीएवढी गोळी घेऊन अंगठ्याने चेपावी. रूप साधे, चव तीच.

पुढचा टप्पा या गावास समजावून सांगणे सोपे आहे. सायझिंगमध्ये सुताला खळ देतात ती पिठुळ द्रव्याचीच. पिष्टाचे कण थंड पाण्यात नुसते भिजतात. पाणी सुमारे ६० अंशांच्या वर तापले की ते पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. पातेल्यातही तेच घडते. आमटी कोमट असताना तुकडे सोडले तर ते बुडाशी बसून एकमेकांस चिकटतात. आम्ही पहिल्यांदा चकोल्या केल्या तेव्हा घाईने असेच केले आणि घरच्यांना डाळीत बुडालेला एकच मोठा गोळा वाढला! आमटी खळखळून उकळू लागली म्हणजे एकेक तुकडा सोडावा. वरचा थर तत्काळ शिजून आवळतो आणि तुकडा सुटा राहतो. तुकड्यांवरची कोरडी कणीक झटकून टाकावी. जी थोडी आमटीत मिसळते तिने मात्र आमटीस दाटपणा येतो आणि डाळ खाली बसत नाही. तुकडा विरघळून जात नाही याचे श्रेय गव्हातल्या ग्लूटेनला. ज्वारीत ते नसल्यामुळे नुसत्या ज्वारीच्या पिठाच्या चकोल्या फुटतात. तिसरा हिस्सा ज्वारी मिसळली तर चालते आणि खमंगही लागते. तुकडे घातल्यावर झाकण लावून शिट्टी करू नये, दाट फेसाने वाफेची वाट बुजते. उघड्यावर दहा-बारा मिनिटांत ते शिजतात.

भाजीही याच भांड्यात जाते. शेवग्याच्या शेंगा, दुधी, गाजर तुकड्यांच्या आधी घालावे. मेथी, पालक किंवा शेवग्याचा कोवळा पाला अगदी शेवटी. ताटात वाढल्यावर लिंबू पिळावे. त्यातले ‘क’ जीवनसत्त्व उकळल्याने कमी होते आणि ते डाळीतले व पाल्यातले लोह अंगी लागण्यास मदत करते, तेव्हा ते पातेल्यात पिळून वाया घालविण्यात अर्थ नाही. वर चमचाभर तूप, सोबत कच्चा कांदा आणि असल्यास ताक.

कणीक मळणे ज्या दिवशी अशक्य असेल त्या दिवशी मुगाच्या डाळीची खिचडी करावी. मूगडाळ भिजवावीही लागत नाही. तिच्याबद्दल तक्रार एकच. तांदळाच्या चार वाट्यांस मूठभर डाळ टाकली म्हणजे खिचडी होते, हा समज चुकीचा आहे. दोन वाट्या तांदळास एक वाटी डाळ हवी.

आता उरला तो उशिरा येणारा माणूस. शिजलेल्या चकोल्या पाणी ओढीतच राहतात. दोन तासांत आमटी आटून लगदा होतो, आणि पाळीवरून येणाऱ्यास तो पाणी घालून वाढला की त्याचा चकोल्यांवरचा विश्वास उडतो. शिवाय उन्हाळ्यात शिजलेले अन्न रात्रभर उघड्यावर ठेवणे धोक्याचे. काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत आणि कोमट अन्नात पुन्हा वाढतात. म्हणून सर्व तुकडे एकदम शिजवू नयेत. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याचे तुकडे पीठ भुरभुरून झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवावेत आणि त्याच्या वाट्याची आमटी, तुकडे घालण्यापूर्वीच, निराळी काढावी. तो तासा-दोन तासांत यावयाचा असेल तर दोन्ही बाहेर चालतील. पहाटे यावयाचा असेल तर आमटी पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावी, तुकडेही तिथेच. त्याने घरी येऊन हातपाय धुवावेत, आमटी खळखळा उकळावी आणि तुकडे स्वतःच सोडावेत. दहा मिनिटांत होते, त्यासाठी निजलेल्या बाईस उठविण्याचे कारण नाही.